ओउलूला दोन सत्रं: आधी कागद, मग बर्फ

फिनलंडला एक्स्चेंजवर जायचं म्हटलं की घरचे सगळ्यात आधी स्वेटरचा विषय काढतात. स्वेटर ही खरं तर अगदी शेवटची गोष्ट. आधी विद्यापीठाचं पत्र, मग बँक, मग विमा, मग परवाना. यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदाशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे क्रम चुकला तर उन्हाळ्याची सुट्टी त्यातच जाते. ऑगस्ट २०२५ ते मे २०२६ हे वर्ष मी पुण्याहून ओउलू विद्यापीठात शिकायला होते. काय कधी करावं लागतं, ते घडलं त्याच क्रमानं लिहिते.

सुरुवात जानेवारीत झाली, आणि तीही इथल्याच कॉलेजात. एक्स्चेंजमध्ये परदेशी विद्यापीठाकडे आपण थेट अर्ज करत नाही. दोन विद्यापीठांत करार असतो, आपल्या आंतरराष्ट्रीय विभागानं आपलं नाव तिकडे पाठवायचं असतं. याला सगळे नॉमिनेशनच म्हणतात. नाव गेल्यावर तिकडून ऑनलाइन अर्जाची लिंक येते. ऑगस्टच्या सत्रासाठी हे सगळं वसंतात, साधारण एप्रिलपर्यंत उरकतं. म्हणजे डिसेंबरातच विभागात जाऊन करार चालू आहे का, आपल्या शाखेला लागू आहे का, जागा किती, हे विचारून ठेवायला हवं. तिकडे शिक्षण शुल्क भरावं लागत नाही, इथलं मात्र चालू राहतं. घरी हिशेब मांडताना हे आधीच सांगितलेलं बरं.

अर्जासोबत लर्निंग अ‍ॅग्रीमेंट लागतं: तिकडे कोणते विषय घेणार आणि इथे ते कशाच्या बदल्यात धरले जाणार, याची यादी, त्यावर तिघांच्या सह्या. विद्यार्थी, इथलं विद्यापीठ, तिथलं विद्यापीठ. एका सत्राला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या सामायिक पद्धतीची, क्रेडिट अपेक्षित असतात. एक क्रेडिट म्हणजे सुमारे २७ तासांचं काम, त्यामुळे पाच क्रेडिटचा विषय १३०-१३५ तास खातो. त्यात तास, गटकाम, वाचन, परीक्षा सगळं आलं. आपल्याकडे एका सत्राला वीसेक क्रेडिट असतात, म्हणून ३० चे २० कसे करणार आणि ० ते ५ या श्रेणींचं रूपांतर कसं होणार, हे परीक्षा विभागाकडून लेखी घेऊन ठेवा. तोंडी ‘होऊन जाईल’ वर विमानात बसू नका, कारण परत येईपर्यंत टेबलावरचा माणूस बदललेला असतो.

विषय निवडताना प्रत्येकापुढे पीरियडचा आकडा बघायचा. वर्षाचे चार पीरियड असतात, दोन शरदात आणि दोन वसंतात. गरजेपेक्षा दोन-तीन विषय जास्त लिहून ठेवावेत. वेळा एकमेकांवर येतात, काही विषय ऐन वेळी फक्त फिनिश भाषेत निघतात, काहींना आधीचा विषय झालेला असणं सक्तीचं असतं. यादी नंतर बदलता येते, पण पुन्हा तिघांच्या सह्या आल्याच.

स्वीकृतिपत्र हातात पडलं की त्याच दिवशी दोन कामं सुरू करायची: घर आणि परवाना.

घरासाठी ओउलूत पीसोआस ही विद्यार्थी गृहनिर्माण संस्था आहे. हेलसिंकीत होआस, ताम्पेरेत तोआस, तुर्कूत टीवायएस, म्हणजे प्रत्येक शहराची आपापली संस्था. सामायिक घरातल्या खोलीला महिना तीनशे-चारशे युरोच्या घरात भाडं धरा, वर अनामत. खोली फर्निचरची आहे की रिकामी, हे करारात नीट वाचा. तिकडे रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. गादी नाही, पडदे नाहीत, पुष्कळदा छताला दिवासुद्धा नाही, नुसता लोंबणारा सॉकेट. ऑगस्टात पडदा हवा कारण उजाडतं लवकर, आणि नोव्हेंबरात दिवा हवा. विद्यार्थी संघटनांकडे भांडी-अंथरुणाचा संच भाड्यानं मिळतो का, हे आपल्या ट्यूटरला आधीच विचारा. नव्या मुलांच्या मदतीसाठी नेमलेला तिथला विद्यार्थी म्हणजे ट्यूटर, आणि विमानतळ सोडल्यापासून पहिल्या आठवड्यापर्यंत तोच खरा आधार.

आता परवाना. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर व्हिसा चालत नाही, अभ्यासासाठीचा निवास परवाना लागतो. अर्ज एंटर फिनलंड या सरकारी पोर्टलवर भरायचा, निर्णय मिग्री म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं घेतं. ऑनलाइन अर्जाचं शुल्क कागदी अर्जापेक्षा कमी असतं. दर बदलत राहतात, म्हणून भरायच्या दिवशी पोर्टलवरचाच आकडा धरा.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते पैशाच्या पुराव्यावर. १ जानेवारी २०२५ पासून महिन्याला ८०० युरो दाखवावे लागतात, त्याआधी ५६० होते. इंटरनेटवर जुना आकडा अजून फिरतोय, त्यावर जाऊ नका. दहा महिने राहायचं तर ८,००० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर आठ लाख. हे पैसे आपल्या स्वतःच्या नावच्या खात्यात आणि खर्चायला मोकळे असावे लागतात. बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट आणि ‘मी मुलीचा खर्च करीन’ असं प्रतिज्ञापत्र आपल्याकडे सगळीकडे चालतं, इथे चालत नाही. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं, रक्कम आणि कालावधी लिहिलेलं. घरच्यांनी एकरकमी पैसे टाकले असतील तर ते कुठून आले त्याचा कागद सोबत जोडलेला बरा. कर्ज काढणार असाल तर बँकेची मंजुरी आणि रक्कम प्रत्यक्ष खात्यात येणं या दोन वेगळ्या तारखा असतात, त्यामुळे मार्चमध्येच बँकेत जा.

विम्याचीही अशीच एक खोच आहे. दोन वर्षांपेक्षा कमी शिक्षणासाठी उपचार आणि औषधं मिळून १,२०,००० युरोपर्यंतचं संरक्षण लागतं. दोन वर्षं किंवा जास्त असेल तर ४०,००० पुरतात. कमी मुदतीला जास्त विमा हे ऐकून सगळेच चक्रावतात. आपल्याकडचे स्टुडंट ट्रॅव्हल विमे डॉलरमध्ये असतात आणि एजंट एक लाख डॉलरचा हातात ठेवतो. तो पुरत नाही. खिशातून भरायची वजावट ३०० युरोपेक्षा जास्त नको, आणि मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून सुरू झालेली हवी. पॉलिसीच्या पानावर हे तिन्ही मुद्दे स्पष्ट दिसत नसतील तर कंपनीकडून वेगळं पत्र मागून घ्या.

फोटो ३६ बाय ४७ मिलिमीटरचा. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत हमखास ३५ बाय ४५ निघतो, म्हणून माप कागदावर लिहून न्या. ऑनलाइन अर्ज भरला की तीन महिन्यांच्या आत ओळख पटवायला फिनलंडच्या दूतावासात किंवा त्यानं नेमलेल्या अर्ज केंद्रात प्रत्यक्ष जावं लागतं. तिथे मूळ कागद दाखवायचे आणि बोटांचे ठसे द्यायचे. अपॉइंटमेंट मे-जूनमध्ये पटापट भरतात. अर्ज भरण्याआधीच तारखांवर नजर टाका, कारण मिग्रीचं घड्याळ खऱ्या अर्थानं ठसे दिल्यावरच फिरू लागतं.

मग थांबायचं. अभ्यासाच्या अर्जाचा निर्णय ९० दिवसांत यावा असा नियम आहे. त्याच्या खूप आधीही येतो, पण उन्हाळ्यात गर्दी असते. या काळात एंटर फिनलंडचं खातं दोन दिवसांआड उघडून बघा. जास्तीचा कागद मागितला तर तो निरोप तिथेच येतो, मुदतीसह, आणि त्याची ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये पडते. अर्जातच फिनिश ओळख क्रमांक मागता येतो, तो जरूर मागा. बँक, फोनचा करार, नोकरी, सगळीकडे तोच विचारतात. परवान्याचं कार्ड येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. जुलैमध्ये तिकिटं महाग होताना बघून हात शिवशिवतात.

सामान भरताना युरोपीय संघाचे दोन नियम लक्षात ठेवा. बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आईनं कढवलेलं तूपही त्यात आलं. ताजी फळं, भाज्या, पानं यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर यांसारखे मोजके अपवाद सोडले तर ओला कढीपत्ता घरीच ठेवायचा, वाळवून पूड करून न्यायची. मसाले, डाळी, पोहे, मेतकूट, भाजणी यांची अडचण नाही. औषधं तीन महिन्यांपुरतीच आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह. थायरॉइडसारखी रोजची गोळी असेल तर तिच्या जेनेरिक नावाचं इंग्रजी पत्र घ्या, पुढची सोय तिथल्या डॉक्टरकडून करावी लागते. साधं पॅरासिटामॉल तिकडे किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच जावं लागतं. म्हणून एक पट्टी पिशवीत असू द्या. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, फक्त प्लग दोन गोल पिनांचा. छोटा कुकर नेलात तर वर्षभर दुवा द्याल.

जाडजूड कोट मात्र इथून नेऊ नका. इथे मिळणारे कोट हिल स्टेशनसाठी असतात. तिकडे किर्पुतोरी म्हणजे जुन्या वस्तूंची दुकानं आणि रेडक्रॉसचं कोन्त्ती हे मोठं दुकान आहे. तिथे चांगला वापरलेला कोट नव्याच्या पाव किमतीतही मिळून जातो. इथून न्यायचे ते आतले लोकरी कपडे, तेही मिळाले तर मेरिनोचे. सुती बनियन घामानं ओलं होतं आणि मग अंगावर गार पडतं.

मुंबईहून आखाती शहरांतून किंवा इस्तंबूलमार्गे हेलसिंकीला जाता येतं, दिल्लीहून थेट विमानही आहे. पुढे ओउलू सहाशे किलोमीटर उत्तरेला. विमानानं तासभर, रेल्वेनं सहा तासांच्या आसपास. रेल्वेनं जाणार असाल तर बॅगा घेऊन हेलसिंकी शहरात शिरायची गरज नाही. विमानतळाखालूनच लोकल मिळते, ती दहाएक मिनिटांत टिक्कुरिलाला पोचवते, आणि उत्तरेकडच्या गाड्या तिथे थांबतात. घराच्या किल्ल्या कार्यालयाच्या वेळेतच मिळतात आणि भाडेकरार बहुधा एक तारखेपासून सुरू होतो. शनिवार-रविवारी पोहोचत असाल तर किल्लीची व्यवस्था आधी ईमेलवर पक्की करा.

सप्टेंबरात गाडी रुळावर येते. तास १०.१५ ला सुरू होतात, वेळापत्रकात १० लिहिलेलं असलं तरी. प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची, त्याला महिनाभर जीभ वळत नाही. प्रत्येक विषयाची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी आणि परीक्षेची नोंदणी त्याहून वेगळी. परीक्षेला नाव नोंदवलं नसेल तर बसता येत नाही, विनंत्या-अर्जांचा उपयोग होत नाही. उलट, नापास झालं तर फेरपरीक्षा सहज देता येते आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. बऱ्याच परीक्षा एक्झाम नावाच्या प्रणालीत होतात: कॅमेरे लावलेली खोली, आपण निवडलेली वेळ, संगणकावर उत्तरं. पाठांतरावर विसंबलेल्यांना पहिली परीक्षा जड जाते, कारण प्रश्न ‘तुम्ही हे कसं वापराल’ असे असतात.

जेवणाची चिंता दुपारपुरती मिटते. विद्यार्थी ओळखपत्र दाखवलं की सरकारी अनुदानामुळे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तीनेक युरोत मुख्य पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि दूध किंवा पाणी मिळतं. शाकाहारी पर्याय रोज असतो. पाट्यांवरची अक्षरं शिकून घ्या: एल म्हणजे लॅक्टोजविरहित, जी म्हणजे ग्लुटेनविरहित. दुकानातल्या पाकिटांसाठी नाउता म्हणजे गोमांस, सिका किंवा पोस्सू म्हणजे डुक्कर, काना म्हणजे कोंबडी, मुना म्हणजे अंडं. लिइवाते हा शब्द विशेष लक्षात ठेवा. ते जिलेटिन, आणि ते गोळ्या-चॉकलेटांत आणि काही गोड पदार्थांत लपलेलं असतं. पीमा नावाचं आंबट दूध मिळतं, त्याची कढी उत्तम होते. फोडणी देताना आधी पंखा लावा आणि दार बंद करा, कारण प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे आणि मोहरी-मिरचीशी त्याचं अजिबात जमत नाही.

पैशाचं म्हणाल तर रोख नोटा जवळजवळ लागतच नाहीत. बँक खातं उघडायला आठवडे जातात, म्हणून नऊ-दहा महिन्यांसाठी बहुतेक जण ऑनलाइन युरो कार्डावरच भागवतात. भाडं धरून महिन्याला साडेसहाशे-सातशे युरोत काटकसरीनं राहता येतं, प्रवास वेगळा. रिकाम्या बाटल्या-डबे दुकानातल्या यंत्रात परत केले की डब्याला १५ सेंट आणि मोठ्या प्लास्टिक बाटलीला ४० सेंट मिळतात. पार्टीनंतर आवरायला सगळ्यात पुढे कोण असतं, ते यावरून समजून घ्या. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला सरासरी ३० तास काम करता येतं, पण फिनिश येत नसेल तर ओउलूत एवढ्या मुदतीत काम मिळणं अवघड आहे. त्या भरवशावर अंदाजपत्रक आखू नका.

तब्येतीसाठी: एक्स्चेंजवाल्यांना तिथल्या नागरिकांसारखी स्वस्त सरकारी सेवा मिळत नाही. बिल पूर्ण येतं आणि विम्याकडून वसूल करायचं असतं. जीव धोक्यात नसेल तर आधी ११६ ११७ ला फोन करायचा, ते इंग्रजीतून सांगतात कुठे जायचं ते. धोका असेल तर ११२.

आणि आता तो स्वेटरचा विषय. थंडी ही सगळ्यात सोपी गोष्ट निघते. घरं, वर्ग, बस सगळीकडे आत विशीच्या आसपास तापमान असतं, खिडक्यांना तिहेरी काच. खोबरेल तेल मात्र २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे वर्षभर बाटली घट्टच. उणे पंधराला आत लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं असे तीन थर पुरतात. बूट एक नंबर मोठे घ्या. आत जाड मोज्याला आणि थोड्या हवेला जागा लागते, घट्ट बुटात पाय आधी गारठतात. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा बिनबोटांचा मिटन जास्त ऊब धरतो. उणे पंचविसाला नाकातले केस कडक होतात, फोनची बॅटरी अचानक मान टाकते आणि गालावर पांढरा डाग दिसला तर तो उबदार तळव्यानं झाकायचा. चोळायचा नाही, बर्फानं तर मुळीच नाही.

खरा त्रास शून्याच्या आसपास होतो. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, सकाळी रस्ता आरशासारखा. बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे ऑक्टोबरातच घेऊन ठेवा, हाडं मोडण्याचा मोसम तोच. ओउलू हिवाळी सायकलिंगसाठी प्रसिद्ध आहे आणि सायकलवाटांवरचा बर्फ नीट दाबलेला असतो. जुनी सायकल घेतलीत तर निदान पुढच्या चाकाला खिळ्यांचा टायर लावा. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतो. पायी चालणाऱ्यांनीही अंधारात परावर्तक लावायचा असतो, कोटाला गुडघ्याच्या उंचीवर लोंबणारा.

अंधाराची तयारी कुणी करत नाही, आणि नोव्हेंबरात पाय तिथेच अडखळतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओउलूत सूर्य साडेदहाच्या सुमारास वर येतो आणि दोनच्या आसपास मावळतो. तरी डिसेंबर बरा, कारण बर्फ साचला की तो उजेड परावर्तित करतो. नोव्हेंबर ओला, काळा आणि बिनबर्फाचा. झोप दुपारीच येते, रात्री येत नाही, असाइनमेंट तुंबतात, घरच्यांचा फोन नकोसा होतो. हे आळस किंवा घरची ओढ एवढंच नसतं, उजेडाचा परिणाम असतो. त्यावर साधे उपाय चालतात: वेळापत्रकात अकरा ते एक मोकळं ठेवून रोज बाहेर चालणं, डॉक्टरला विचारून ड जीवनसत्त्व, सकाळी डोळ्यांसमोर प्रखर दिवा, आणि आठवड्यात ठरलेल्या दिवशी कुणासोबत तरी सॉना, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत बसणं. इमारतीतली सामायिक सॉना पाळी बहुधा फुकट असते. दोन-तीन आठवडे काहीच करावंसं वाटलं नाही तर विद्यापीठाच्या समुपदेशकाला लिहा. तिकडे ते सर्दीइतकंच साधं मानतात.

फेब्रुवारीत उजेड झपाट्यानं परततो, मार्चात तर बर्फावरून येणाऱ्या उन्हानं डोळे दिपतात, गॉगल लागतो. समुद्र गोठलेला असतो आणि लोक त्यावर चालायला, स्की करायला जातात. टणक, स्वच्छ बर्फ पाच सेंटिमीटर जाड असेल तर एका माणसाला पेलतो, पण एप्रिलमधला बर्फ जाड दिसला तरी आतून पोकळ होत जातो. तेव्हा स्थानिक लोक गेले नसतील तिथे पाऊल टाकायचं नाही.

परतीची तयारी एप्रिलमध्येच. भाडेकरार ठरावीक मुदतीचा आहे की चालू, ते पुन्हा वाचा. चालू करारात नोटिशीचा महिना आपण दिलेल्या तारखेपासून नाही, त्या महिन्याच्या शेवटापासून मोजतात. सायकल, दिवा, पडदे मेच्या पहिल्या आठवड्यात विकायला काढा. शेवटच्या आठवड्यात सगळेच विकत असतात. अनामत परत हवी तर ओव्हन, फ्रीजमागची जागा आणि बाथरूमची मोरी घासून, फोटो काढून ठेवा.

शेवटच्या विषयाचे गुण लागायला आणखी काही आठवडे जातात, आणि मगच गुणपत्रिका निघते, तीही डिजिटल सहीची पीडीएफ. आपल्या परीक्षा विभागाला शिक्क्याचा कागद हवा असेल तर ओउलू सोडण्यापूर्वीच तो तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात मागून ठेवा, आणि लर्निंग अ‍ॅग्रीमेंटची शेवटची, सगळ्या बदलांसहची प्रतही त्याच फाइलमध्ये लावा. इथे पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारतात.